गाठ नसलेली व्याधी: दाहक स्तनकर्करोगाची शंका आणि निदानापूर्वीचे दिवस

स्तनाच्या कर्करोगाविषयी गेल्या काही दशकांत सामान्य स्त्रीपर्यंत जे ज्ञान पोचले, त्याचा सारांश एका शब्दात सांगायचा झाला तर तो शब्द ‘गाठ’ हा आहे. दवाखान्याच्या भिंतीवरचे चित्र असो, आरोग्य शिबिरातले भाषण असो की दारोदार फिरणाऱ्या आशा कार्यकर्तीने सांगितलेल्या चार गोष्टी असोत, ‘हाताला गाठ लागते का ते पाहा’ हाच त्या सर्वांचा गाभा असतो. आणि तो चुकीचा म्हणता येत नाही, कारण बहुसंख्य स्तनकर्करोग प्रथम गाठीच्याच रूपाने हाताला लागतात. परंतु या रोगाचा एक प्रकार असा आहे की ज्यात पुष्कळदा गाठ लागतच नाही, स्तन काही आठवड्यांत सुजतो, जड होतो, ऊन लागतो, त्याचा रंग बदलतो, आणि ज्या स्त्रीने आयुष्यभर गाठ शोधण्याचा उपदेश प्रामाणिकपणे पाळला तीच स्त्री ‘गाठ तर नाही’ असे म्हणून निश्चिंत राहते. या प्रकाराला दाहक स्तनकर्करोग, म्हणजे ‘इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर’, असे म्हणतात. येथे ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही अशा दिवसांचा, म्हणजे लक्षण दिसल्यापासून निदान हाती येईपर्यंतच्या काळाचा, विचार करावयाचा आहे, कारण या एका रोगात तो काळ कसा जातो यावर पुढचे पुष्कळसे अवलंबून असते.

‘दाहक’ हे विशेषण मुळात दिशाभूल करणारे आहे. दाहाची चार लक्षणे पाश्चात्त्य वैद्यकात रोमन काळापासून सांगितली जातात: लाली, सूज, ऊनपणा आणि ठणका. या रोगात ती चारही, किंवा त्यांतली दोनतीन तरी, दिसतात. पण दाहाचे नेहमीचे कारण, म्हणजे जंतूंचा शिरकाव आणि त्याविरुद्ध शरीराने पुकारलेले युद्ध, येथे नसते. त्वचेच्या आतल्या थरात अतिसूक्ष्म लसिकावाहिन्यांचे जाळे असते. पेशींभोवती साचणारे पाणी वाहून नेणे हे त्यांचे काम. कर्करोगाच्या पेशींचे पुंजके या वाहिन्यांत शिरून बसले की चरात पाचोळा अडकावा तसा निचरा थांबतो, पाणी मागे तुंबते, आणि त्वचा फुगून लालसर होते. तेव्हा जे दिसते ते दाहाचे सोंग असते. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांनी १८१४ मध्येच गाठीवरच्या त्वचेचा जांभळट रंग आणि त्यासोबतच्या कळा हे अशुभ चिन्ह असल्याचे नोंदवून ठेवले होते. पण रोगाला आजचे नाव मिळाले ते १९२४ मध्ये, न्यूयॉर्कच्या ली आणि टॅननबाउम या दोन वैद्यांनी २८ स्त्रियांच्या निरीक्षणावरून लिहिलेल्या निबंधाने. योगायोग असा, की त्याच वर्षी म्हैसूर संस्थानाने आपले वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात कावेरीला तो प्रसिद्ध महापूर आला. नदीकाठचे जुने एडतोरे पुराच्या तडाख्यात सापडल्याने त्या दशकात उंचावर नवे गाव वसवले गेले आणि त्याला नाल्वडी कृष्णराज ओडेयर यांचे नाव मिळाले, तेच पुढे उदाहरणादाखल येणारे, म्हैसूरजवळचे कृष्णराजनगर.

आज आंतरराष्ट्रीय सहमतीने जी व्याख्या मानली जाते तिच्यात चार गोष्टी येतात: लक्षणे झपाट्याने उद्भवलेली असावीत आणि त्यांना सहा महिन्यांहून अधिक काळ झालेला नसावा, लाली स्तनाच्या निदान एकतृतीयांश भागावर पसरलेली असावी, सूज किंवा संत्र्याच्या सालीसारखी त्वचा असावी, आणि ऊतकाच्या तपासणीत कर्करोग सिद्ध व्हावा. गाठ असलीच पाहिजे असे या व्याख्येत कोठेही नाही. एकूण स्तनकर्करोगांत या प्रकाराचे प्रमाण पाहणीगणिक १ ते ५ टक्क्यांच्या दरम्यान सांगितले जाते. म्हणजे तो विरळा आहे. पण ज्या देशात २०२२ या एका वर्षात स्तनकर्करोगाच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्णांचा आणि ९८ हजारांवर मृत्यूंचा अंदाज आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिला, तेथे विरळा या शब्दाने फार समाधान मानून घेता येत नाही.

संत्र्याच्या सालीची उपमा फ्रेंच वैद्यांनी रूढ केली, पण ती नागपूरच्या किंवा कोडगूच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज पडू नये. कृष्णराजनगरच्या बाजारात कोडगूकडची संत्री येतात. त्यांतले एखादे उजेडात तिरके धरले की सालीवर सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे दिसतात, आणि त्या खळग्यांमधला भाग किंचित फुगीर, तुकतुकीत असतो. स्तनाच्या त्वचेवर हेच का घडते याचे कारण साधे आहे: तुंबलेल्या पाण्याने त्वचा सर्वत्र वर येते, पण जेथे केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथींची तोंडे आतल्या बाजूला बांधलेली असतात तेथे तिला वर येता येत नाही, म्हणून प्रत्येक रंध्राशी एक खळगा राहतो. हे चिन्ह आरशासमोर सरळ उभे राहून पाहिले तर निसटते. खिडकीपाशी, बाजूने येणाऱ्या उजेडात, दोन्ही स्तन एकमेकांशी ताडून पाहिले तर दिसते.

रंगाबाबत एक गंभीर अडचण आहे आणि तिच्यावर थोडे थांबणे भाग आहे. वैद्यकीय पुस्तकांतली चित्रे दीर्घकाळ गोऱ्या कातडीची होती, त्यामुळे ‘लाली’ हा शब्द जणू सर्वांना सारखाच लागू पडतो असे गृहीत धरले गेले. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या त्वचेवर ही लाली लाल दिसत नाही. ती जांभळट, तपकिरी, कधी नुसतीच भोवतालच्या त्वचेहून गडद, तर कधी रंग तोच आणि फक्त चकाकी वाढलेली अशी दिसते. म्हैसूर जिल्ह्यातल्या भातशेतीत दिवसभर उन्हात राबणाऱ्या स्त्रीला ‘लाल झाले आहे का’ असे विचारले तर ती प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देईल, आणि विचारणाराही तितक्याच प्रामाणिकपणे तसे लिहून घेईल. प्रश्न बदलला पाहिजे: दोन्ही बाजूंचा रंग सारखा आहे का, एक बाजू अलीकडे जड वाटते का, स्तनाग्र पूर्वी बाहेर होते ते आत ओढले गेले आहे का, काखेत काही भरल्यासारखे वाटते का. या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही वर्णाच्या स्त्रीला देता येतात.

याहून साधी खूण कपड्याची आहे. म्हैसूर परिसरात भावसार आणि नामदेव शिंपी समाजाची जी घरे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड असा ज्यांचा दुहेरी व्यवहार आहे, त्यांत शिवणकाम हा परंपरेचा धंदा. आणि शिवणकाम जाणणारा माणूस ही खूण चटकन ओळखेल. महिनाभरापूर्वी बेताचे बसणारे पोलके एकाच बाजूला तंग होते, हूक लावताना कापड एकीकडे ओढले जाते, आणि रात्री ते काढल्यावर शिवणीची रेघ सुजलेल्या बाजूच्या कातडीत तासभर तशीच उमटून राहते, दुसऱ्या बाजूची मात्र केव्हाच मावळलेली असते. वजन वाढले तर दोन्ही बाजू वाढतात, पाळीच्या आधी जडपणा येतो तो पाळी येऊन गेल्यावर ओसरतो. एका बाजूने, दोनतीन आठवड्यांत, आणि न ओसरणारा असा हा बदल असेल तर पोलके उसवून ढिले करण्याआधी दवाखाना गाठावा.

आयुर्वेदाच्या संहितांकडे पाहिले तर एक लक्षणीय गोष्ट आढळते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात दहाव्या अध्यायात विसर्प, नाडीव्रण आणि स्तनरोग यांचे एकत्र विवेचन येते, तर ग्रंथी आणि अर्बुद यांचे विवेचन लगेच पुढच्या, अकराव्या अध्यायात. विसर्प म्हणजे त्वचेवर पसरत जाणारी लाल, दाहयुक्त सूज; मराठी घरांत तिला ‘धावरे’ म्हणतात. दूध साकळल्याने किंवा पू झाल्याने सुजलेला स्तन धावऱ्याच्या शेजारी बसवणे आणि कठीण, न पिकणाऱ्या वाढीला निराळे प्रकरण देणे ही विभागणी निरीक्षणाच्या दृष्टीने चोख आहे, आणि आधुनिक वैद्यकानेही मुळात तीच स्वीकारली: दाह एकीकडे, अर्बुद दुसरीकडे. प्रस्तुत रोगाची सगळी अडचण अशी की तो दिसतो दहाव्या अध्यायासारखा आणि असतो अकराव्यातला. अडीचशे रुपये घेणारा खासगी दवाखान्यातला डॉक्टर असो वा मोठ्या रुग्णालयातला निवासी डॉक्टर, प्रथमदर्शनी तो दहाव्या अध्यायाचेच औषध लिहून देतो. त्यात दोष काढण्यासारखे काही नाही, कारण बहुतेक वेळा ते बरोबर ठरते.

हे पुन्हा एकदा स्पष्ट करणे आवश्यक आहे: लाल आणि सुजलेला स्तन म्हणजे कर्करोग नव्हे. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीत, विशेषतः बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, दूध साकळून होणारा स्तनदाह सर्रास आढळतो. त्यात बहुधा ताप, थंडी आणि अंगदुखी असते व योग्य प्रतिजैविकाने एकदोन दिवसांतच उतार पडू लागतो. न पाजणाऱ्या स्त्रीतही गळू होते. भारतात आणखी दोन कारणे ध्यानात ठेवावी लागतात: स्तनाचा क्षय, आणि ग्रॅन्युलोमेटस मॅस्टायटिस नावाचा दीर्घकाळ रेंगाळणारा, जंतूंशिवायही होणारा दाह. या दोन्हींत सूज, कठीणपणा, कधी वाहणारी जखम असे सारे काही दिसते आणि दोन्ही बरे होतात. राजघराण्यातील राजकन्येच्या स्मरणार्थ ज्या म्हैसूर शहरात क्षयरुग्णालय उभे राहिले, तेथे क्षय हा शब्द अजूनही जुन्या माणसांना कर्करोगाइतकाच भेडसावतो. पण स्तनाच्या क्षयावर औषध आहे आणि तो ओळखण्याचा मार्गही तोच आहे, म्हणजे तुकडा काढून तपासणे. रोग कोणताही निघो, तपासणीची वाट तीच. म्हणून ‘कॅन्सरच असेल तर काय’ या भीतीने तपासणी टाळणारी स्त्री कदाचित बऱ्या होणाऱ्या रोगाचाही उपचार लांबणीवर टाकत असते.

प्रतिजैविकाचा एक कोर्स देऊन पाहणे हे शास्त्राला धरून आहे, परंतु त्याला मुदत हवी. सात ते दहा दिवसांत लाली आणि सूज स्पष्टपणे ओसरली नाही तर दुसरे, अधिक महागडे प्रतिजैविक लिहून देण्याऐवजी सोनोग्राफी, मॅमोग्राफी आणि तुकडा यांकडे वळणे हा सर्वमान्य नियम आहे. व्यवहारात मात्र पहिल्या कोर्सनंतर दुसरा, दुसऱ्यानंतर डॉक्टर बदलून तिसरा, मध्ये एरंडाचे पान कोमट करून बांधणे, मग कोणी सांगितले म्हणून शेक आणि चोळणे, असे दोनतीन महिने सहज निघून जातात, आणि या प्रत्येक पायरीवर कोणी तरी सद्भावनेनेच वागलेले असते. दूध संघाला दूध घालणाऱ्या घरात गाईच्या कासेला सूज आली आणि औषधाने उतरली नाही तर पशुवैद्याला पुन्हा बोलावण्यात कोणी संकोच करीत नाही. घरातल्या बाईच्या बाबतीत पुन्हा जाण्याला का लाजायचे, हा प्रश्न कठोर वाटला तरी विचारण्याजोगा आहे. मुदतीचा हिशेब ठेवण्यासाठी एक अगदी घरगुती साधन उपयोगी पडते. औषध सुरू करण्याच्या दिवशी बॉलपेनने रंग बदललेल्या भागाच्या कडेवरून एक रेघ काढावी, शेजारी तारीख घालावी, आणि त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, मोबाईलवर एक छायाचित्र घ्यावे. अंघोळीने रेघ पुसट झाली की पुन्हा गिरवावी. आठव्या दिवशी रंग रेघेच्या आत आला आहे की बाहेर गेला आहे हे कोणाच्या आठवणीवर किंवा धीर देण्याच्या वृत्तीवर अवलंबून राहत नाही. ‘थोडे कमी वाटते’ या वाक्याने जितका वेळ खाल्ला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशाने खाल्ला असेल.

कृष्णराजनगरच्या स्त्रीचा प्रत्यक्ष मार्ग कसा असतो हे पाहिले म्हणजे वेळ कोठे जातो ते कळते. गावातले प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुका रुग्णालय हा पहिला टप्पा. तेथून सुमारे ४० किलोमीटरवरचे म्हैसूर, जेथे वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले कृष्णराजेंद्र रुग्णालय आहे आणि खासगी कर्करोग रुग्णालयेही आहेत. आणि गरज पडली तर बंगळूरची किदवई संस्था, जी १९७३ पासून कर्करोगाचे काम करीत आहे. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेखाली सरकारी दवाखान्याने पुढे पाठवल्याचा कागद लागतो, रेशन कार्ड लागते, आधार लागतो. हसन-म्हैसूर मार्गावरची रेल्वे किंवा बस पकडून सकाळी जायचे, चिठ्ठी काढायची, रांगेत बसायचे, आणि दुपारी ‘परवा या’ हे ऐकून परतायचे. परवा भात लावणी असते, किंवा सोबत येणाऱ्या माणसाला सुट्टी नसते, किंवा घरात लग्न असते. अशा एकेका ‘परवा’ची बेरीज महिन्यांत होते. म्हणून प्रत्येक ठिकाणाहून बाहेर पडताना स्त्रीच्या हातात दोन गोष्टी असाव्यात: आतापर्यंत काय झाले याचा कागद, आणि पुढच्या तपासणीची तारीख. तारीख मिळत नसेल तर ती मागण्यासाठी कन्नडमध्ये पाच शब्द पुरतात: ‘एळु दिन आय्तु, ऊत इळिदिल्ल’, म्हणजे सात दिवस झाले, सूज उतरली नाही. घरात मराठी बोलणाऱ्या, बाहेरच्या कन्नडमध्ये शरीराच्या अवयवांचे शब्द उच्चारायला संकोचणाऱ्या वयस्क बायकांना हे वाक्य पाठ करून ठेवायला हरकत नाही. त्यात अवयवाचे नाव नाही, आणि डॉक्टरला नेमके जे कळायला हवे ते मात्र आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने स्तनकर्करोगासाठी जो कार्यक्रम आखला आहे त्यात पहिल्या भेटीपासून ६० दिवसांच्या आत निदान पूर्ण व्हावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. सामान्य स्तनकर्करोगासाठी आणि आपल्याकडच्या परिस्थितीत हे उद्दिष्टही महत्त्वाकांक्षीच म्हणावे लागेल. पण दाहक प्रकाराला ते लागू करणे म्हणजे उंच इमारतीच्या आगीला गवताच्या गंजीचा नियम लावणे होय. हा रोग ओळखला जातो तेव्हाच तो निदान तिसऱ्या टप्प्यातला असतो, कारण त्वचेतल्या वाहिन्यांत तो शिरलेला असतो. आणि सुमारे एकतृतीयांश स्त्रियांत तोवर तो दूरच्या अवयवांतही पोचलेला आढळतो. येथे आठवड्यांचा हिशेब करावा लागतो.

ठरावीक काळाने होणाऱ्या सामूहिक तपासणीने हा प्रश्न सुटेल का, असे विचारले जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १९९८ पासून दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर जो दीर्घ प्रयोग केला तो या संदर्भात जगात महत्त्वाचा मानला जातो. वस्तीतल्याच, दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी केवळ हाताने स्तनतपासणी करविण्यात आली, आणि २० वर्षांनंतर, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पन्नाशीपुढच्या स्त्रियांत स्तनकर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. मॅमोग्राफीची यंत्रे परवडत नसलेल्या देशांना या प्रयोगाने मोठा आधार दिला. तरीही दाहक कर्करोग त्याच्या जाळ्यातून निसटणाराच आहे: दोन फेऱ्यांमध्ये दोन वर्षे जातात आणि हा रोग दोन महिन्यांत उभा राहतो. त्यामुळे येथे तपासणीच्या फेरीपेक्षा स्त्रीची स्वतःची नजर आणि तिने बोललेले ऐकून घेणारे कोणी तरी जवळ असणे, यांना अधिक मोल आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदी गोळा करण्यासाठी गावोगाव जाणारे कार्यकर्ते लक्षणांविषयी बोलत राहिले, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात निदान होऊ लागल्याचे दिसून आले. कोणतेही यंत्र न आणता, केवळ कोणी तरी नियमितपणे विचारते आहे एवढ्यानेच तो बदल घडला. आशा कार्यकर्तीच्या प्रश्नावलीत ‘गाठ’ या शब्दापुढे ‘एका बाजूची सूज आणि बदललेला रंग’ एवढे सहा शब्द घालायला खर्च येत नाही.

तुकडा काढल्यानंतर जे दिवस जातात ते सर्वांत अनाकलनीय वाटतात, कारण त्या काळात काय चालले आहे हे स्त्रीला कोणीच सांगत नाही. त्वचेचा नमुना काढण्यासाठी पंच नावाचे, तोंडाशी गोल धार असलेले, पेन्सिलीच्या जाडीहूनही बारीक उपकरण वापरतात. जागा बधिर करून काही मिलिमीटर व्यासाची गोल चकती काढली जाते. आत गाठ किंवा घट्ट भाग दिसत असेल तर सोनोग्राफीच्या आधाराने जाड सुईने तेथलाही तुकडा घेतात, आणि काखेतली गाठही तपासतात. सुई लावली की रोग पसरतो ही समजूत कावेरीच्या दोन्ही काठांवर सारखीच पक्की आहे. परंतु सुईने तपासणी केल्यामुळे स्त्रीचे आयुष्य कमी झाल्याचे दाखवणारा पुरावा नाही, उलट तपासणीशिवाय कापलेले गळू आणि त्यावर चढवलेली पट्टी यांनी मात्र निदान बिघडते. काढलेला तुकडा ताबडतोब फॉर्मालिनमध्ये बुडवावा लागतो, नाही तर तो कुजू लागतो. आणि संप्रेरकांच्या ग्राहींची चाचणी विश्वासार्ह व्हावी म्हणून तो त्यात निदान ६ तास आणि फार तर ७२ तास राहावा असा दंडक आहे. पुढे पाणी काढून मेणाची वडी करायची, तिच्यातून केसाहून पातळ काप घ्यायचे, ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. कर्करोग ठरला तर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरोन आणि हर-टू या तीन चाचण्यांसाठी पुन्हा काही दिवस. म्हणजे आठ-दहा दिवस हे आळसाचे नव्हेत, रसायनाचे आहेत. त्यापलीकडचे बहुधा फाइलचे असतात, आणि दोहोंतला फरक स्त्रीला कळला तर ती कोठे थांबायचे आणि कोठे तगादा लावायचा हे ठरवू शकते. मेणाची वडी आणि काचपट्ट्या मागून घ्याव्यात. बंगळूरला किंवा मुंबईला दुसरे मत घ्यायचे झाले तर त्यांवाचून पुन्हा सुई लावावी लागते.

सूक्ष्मदर्शकाच्या या निर्णयाला भारतात प्रतिष्ठा मिळवून देण्यात डॉ. वसंत रामजी खानोलकरांचा वाटा मोठा आहे. १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या. त्यांच्याच हाताखाली घडलेल्या, पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा थाटून उंदरांतील स्तनकर्करोगावर अनेक वर्षे संशोधन केले आणि आनुवंशिकता व संप्रेरके यांचा या रोगाशी संबंध धुंडाळला. १९७३ मध्ये त्यांनी स्त्री शास्त्रज्ञांची संघटना स्थापन केली. स्तनाविषयी उघड बोलणे मराठी घरात अवघड होते त्या काळात एका मराठी स्त्रीने हा विषय प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवला, ही आठवण करून देण्यासारखी गोष्ट आहे.

वाट पाहण्याचा मनावर होणारा परिणाम हा केवळ भावनेचा विषय मानला जाऊ नये. २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्तनाची सुईतपासणी झालेल्या स्त्रियांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, मोजले गेले. ज्यांना अजून काहीच कळलेले नव्हते त्यांच्यातील त्याची लय कर्करोग असल्याचे कळलेल्या स्त्रियांइतकीच बिघडलेली आढळली. जीव टांगणीला लागणे हा वाक्प्रचार शरीराच्या पातळीवर खरा आहे, एवढेच त्यातून निघते. घरात या काळात जे बोलले जाते त्यातले पुष्कळसे बोलणाऱ्याच्या समाधानासाठी असते: ‘काही नसेल गं’, ‘देव आहे’, ‘अमकीला असेच झाले होते’. सासूने ‘तू पड, मी बघते’ म्हणून चूल हाती घेणे आणि नवऱ्याने दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या बसची चौकशी करून ठेवणे, हे त्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. झोप न येणाऱ्या स्त्रीने झोपेची गोळी डॉक्टरला विचारून घेण्यात कमीपणा नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला मात्र एक प्रश्न आतल्या आत पोखरत असतो, की दुधातून बाळाला काही होईल का. तपासणीच्या काळात पाजणे चालू ठेवायचे की नाही हे प्रत्येक चाचणीपूर्वी विचारून घ्यावे, पण कर्करोग दुधातून बाळाला लागत नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितले गेले पाहिजे.

रोग ठरलाच तर उपचारांचा क्रमही नेहमीपेक्षा वेगळा असतो आणि तो आधी माहीत असलेला बरा, नाही तर ‘आधी काढून टाका’ असा हट्ट घरचेच धरतात. येथे शस्त्रक्रिया पहिली येत नाही. प्रथम रसायनोपचार, हर-टू सकारात्मक असेल तर त्यावर नेमके काम करणारी औषधेही. त्याने त्वचेतली सूज ओसरली की मग पूर्ण स्तन आणि काखेतल्या लसिकाग्रंथी काढणे. आणि त्यानंतर किरणोपचार. स्तन वाचवणारी छोटी शस्त्रक्रिया या प्रकारात केली जात नाही. रसायनोपचार रूढ होण्यापूर्वी, केवळ शस्त्रक्रियेच्या काळात, पाच वर्षे जगणाऱ्या स्त्रिया शंभरांत पाचही नसत. तिन्ही उपचार क्रमाने मिळाल्यावर पाश्चात्त्य देशांत हे प्रमाण चाळिशीच्या आसपास आले आहे, आणि रोग दूर पसरलेला नसेल तर त्याहून अधिक. हे आकडे कोणत्याही एका स्त्रीचे भविष्य सांगत नाहीत. क्रम बदलला की काय गमावले जाते तेवढे सांगतात.

अखेरीस अहवालाच्या भाषेचा प्रश्न उरतो, आणि मराठी घरासाठी तो किरकोळ नाही. अहवाल इंग्रजीत छापला जातो, रुग्णालयात तो कन्नडमध्ये सांगितला जातो, आणि घरी पोचल्यावर थोरला मुलगा किंवा जाऊ तो मराठीत सांगते. पहिल्या पंचचा अहवाल ‘नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी इन द टिश्यू सबमिटेड’ असा असेल तर तीन भाषांतून उतरता उतरता त्याचे ‘कॅन्सर नाही’ होते, घरात साखर वाटली जाते आणि कागद कपाटात जातो. मूळ वाक्य तेवढे म्हणत नाही. ते म्हणते की पाठवलेल्या या तुकड्यात कर्करोग दिसला नाही. आणि दाहक प्रकारात त्वचेच्या तुकड्यात वाहिन्यांतले पुंजके न सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे, कारण ते सर्वत्र सारखे पसरलेले नसतात. सूज उतरली असेल, रंग पेनाच्या रेघेच्या आत आला असेल, तर साखर योग्यच होती. पण पोलक्याची शिवण अजूनही त्याच बाजूला रुतत असेल, तर तोच कागद घेऊन पुन्हा म्हैसूरची बस पकडावी लागते, आणि दुसरा तुकडा दुसऱ्या जागेवरून घ्यायला सांगावा लागतो.